लाईट जाते त्याचं काही नाही, येते तेव्हा कॉम्प्युटर मरतो! यूपीएस घेऊ की इन्व्हर्टर?

केतकीबन | १२ जून, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी गुहागर तालुक्यात राहते, घरापासून समुद्र अर्धा किलोमीटर. पुण्याच्या एका ऑफिससाठी घरून बिल्डिंगची ड्रॉइंगं करून देते. डेस्कटॉप आहे, पाच वर्षं जुना, ग्राफिक कार्ड वेगळं नाही, २२ इंची मॉनिटर. पाऊस सुरू झाला आणि आमच्याकडचा नेहमीचा खेळ सुरू झाला, लाईट जाते, दहा मिनिटांनी येते, परत जाते, रात्री तर मी मोजायचंच सोडून दिलंय. ६०० व्हीएचा यूपीएस आहे, आधी पंधरा मिनिटं तरी काढायचा, आता एक टूं वाजतो आणि सगळं ठप्प.

ते एक वेळ चालवून घेतलं असतं. पण परवा संध्याकाळी लाईट आली ती अशी आली की बल्ब एकदम पांढरेफटक झाले, सेट टॉप बॉक्समधून जळका वास, फॅन भन्नाट फिरायला लागला आणि कॉम्प्युटर गप्प. दुकानात नेला तर एसएमपीएस (कॉम्प्युटरला आतून वीज पुरवणारा डबा) उडालेला. नशीब हार्डडिस्क वाचली.

दुकानदार म्हणतो मोठा यूपीएस घ्या. आमचे हे म्हणतात घराला इन्व्हर्टरच बसवू, मग यूपीएस कशाला. सासरे म्हणतात चार महिने काम बंद ठेव, पूर्वी लोक जगतच होते ना. सासऱ्यांचा पर्याय सोडून बाकी सगळे सल्ले चालतील.

पुणेकर_चाकरमानी | १२ जून, रात्री १०:०५

लॅपटॉप घ्या, विषय संपला. लॅपटॉपला बॅटरी असतेच की, वेगळा यूपीएस कशाला पाहिजे.

केतकीबन | १२ जून, रात्री १०:१२

दादा, घेतला असता हो. पण ऑफिसचं लायसन्स या मशीनवर आहे आणि मोठ्या स्क्रीनची सवय आहे. आणि लॅपटॉप चालू राहिला तरी राऊटर बंदच पडणार ना.

झणझणीत_तिसऱ्या | १२ जून, रात्री १०:३१

ताई, आमच्या मालवणात लाईट गेली काय पयलो फोन शेजाऱ्याक, ‘तुझी पण गेली काय रे?’ त्याची पण गेली आसली काय मग जीवाक बरा वाटता. वायरमनाक फोन त्याच्यानंतर.

सड्यावरचा | १२ जून, रात्री ११:२०

ताई, बाकी सगळं राहू द्या, ‘बल्ब पांढरेफटक झाले, फॅन भन्नाट फिरला’ हे वाचून मी थांबलो. ३१ वर्षं कारखान्यात इलेक्ट्रिकलचं मेंटेनन्स केलंय, आता रत्नागिरीजवळ सड्यावर कलमं सांभाळतो. मला एक सांगा, त्याच वेळी शेजारच्या घरात काय झालं? तिकडेही उजेड वाढला की कमी झाला? आधी हे विचारून या, यूपीएसचं नंतर बघू.

केतकीबन | १३ जून, सकाळी ८:१५

काका, आत्ता विचारून आले. शेजारच्या काकूंकडे उलटंच झालं! त्यांचा बल्ब निखाऱ्यासारखा मिणमिणत होता आणि फ्रीज नुसता घूं घूं करत होता. म्हणजे आमचा करंट जास्त आणि त्यांचा कमी, असं कसं होईल? एकाच खांबावरून तर येतो.

सड्यावरचा | १३ जून, सकाळी ९:०२

वाटलंच. खांबावरचा न्यूट्रल, म्हणजे करंट परत जायची तार, ढिला झाला किंवा तुटला होता. खांबावर तीन फेज, म्हणजे करंट आणणाऱ्या तीन तारा असतात, एक तुम्हाला, एक काकूंना, एक पुढच्या वाडीला, आणि सगळ्यांचा न्यूट्रल मात्र एकच. प्रत्येकाला २३० व्होल्ट मिळतात ते फेज आणि न्यूट्रलच्या मध्ये. दोन फेजच्या मध्ये असतात ४०० च्या आसपास. न्यूट्रल सुटला की तुमचं घर आणि काकूंचं घर त्या ४०० वर एकापाठोपाठ एक जोडल्यासारखं होतं, मग ज्याच्याकडे लोड कमी त्याच्या वाट्याला व्होल्टेज जास्त. काकूंचा फ्रीज चालू होता, तुमच्याकडे दोन बल्ब न् टीव्ही, म्हणून मार तुम्ही खाल्लात.

समुद्राकाठी हे जास्त का होतं तर खारा वारा. जॉइंटवर पांढरी-हिरवी बुरशी धरल्यासारखी दिसते ना, ते गंजणं. वारा सुटला, तार हलली, झालं. परत कधी बल्ब भगभगले तर विचार करत बसू नका, सरळ मेन स्विच पाडा, आणि वायरमनला ‘लाईट नाही’ असं सांगू नका, ‘न्यूट्रल गेलाय, एकीकडे जास्त एकीकडे कमी येतंय’ असं सांगा, म्हणजे तो बरोबर जागेवर चढेल. मीटरजवळचा जॉइंटसुद्धा बघून घ्यायला सांगा. स्वतः कोणी हात घालायचा नाही.

आणि याला यूपीएस हा उपाय नाही. स्पाइकगार्डची पट्टी तर अजिबात नाही, ती क्षणभराच्या झटक्यासाठी असते, ३५० व्होल्ट मिनिटभर आले तर आतली एमओव्ही, म्हणजे झटका शोषणारा भाग, स्वतःच जळते. मेन बोर्डात ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर बसवून घ्या, एमसीबीसारखाच पट्टीवर बसतो. २७० च्या वर गेलं की तोडतो, १७० च्या खाली गेलं की तोडतो, आकडे आपल्याला लावता येतात, आणि लाईट परत आली की लगेच न जोडता मिनिटभर थांबून जोडतो. ते थांबणंच कामाचं, कारण लाईट आल्याआल्या पहिली काही सेकंद फार वाईट असतात, गावातले सगळे फ्रीज पंप एकदम चालू होतात.

केतकीबन | १३ जून, सकाळी ९:२०

काका 🙏 तीन दुकानदारांनी हे सांगितलं नव्हतं.

पुणेकर_चाकरमानी | १३ जून, सकाळी ११:४४

मानलं काका. पण एक कळत नाही, पोफळीला कोयनेचं वीजघर, अंजनवेलला गॅसवरचं, जयगडला कोळशावरचं, तिन्ही रत्नागिरी जिल्ह्यात, आणि लाईट मुंबईत चोवीस तास न् गुहागरात दहा मिनिटं? गणपतीला येतो तेव्हा माझीच आरती मोबाईलच्या टॉर्चवर होते.

सड्यावरचा | १३ जून, दुपारी १:३०

वीज तयार कुठे होते त्याचा काय संबंध. शेवटची ११ केव्हीची लाईन फणस, काजू, माडांच्या मधून डोंगर चढून वाडीत येते. एक झावळ पडली की संपलं. आणि ती फांदी तोडायला आला की आपणच म्हणतो, लागतं झाड आहे, नको.

झणझणीत_तिसऱ्या | १३ जून, दुपारी २:१०

ह्या शेवटचा खरा 😄

बरं, कामाचं बोलतो. माझं फॉर्म भरायचं, झेरॉक्सचं छोटं दुकान आहे. इन्व्हर्टर आणि यूपीएस एकत्र करणार असाल तर माझा मूर्खपणा ऐका. मी स्वस्तातला स्क्वेअर वेव्हचा, म्हणजे ओबडधोबड करंट देणारा इन्व्हर्टर घेतला आणि त्याच्यावर कॉम्प्युटरचा यूपीएस लावला. लाईट गेली की इन्व्हर्टर चालू व्हायचा पण यूपीएस म्हणायचा ही कसली लाईट, मी नाही घेत, आणि स्वतःच्या बॅटरीवर टूं टूं करत राहायचा, वीस मिनिटांत खलास. बाजूला दीडशे एएचची (एएच म्हणजे बॅटरीत किती साठतं ते) बॅटरी भरलेली आणि कॉम्प्युटर बंद! इन्व्हर्टर घ्या तर प्युअर साईन वेव्हच, म्हणजे लाईनसारखाच करंट देणारा घ्या, पैसे वाचवायला जाऊ नका. आणि लेझर प्रिंटर यूपीएसवर लावू नका, आतला फ्यूजर (शाई कागदावर पक्की करणारा रोलर) तापताना एकदम इतका करंट खेचतो की यूपीएस ओव्हरलोड होऊन कॉम्प्युटरला पण घेऊन जातो.

हर्णैबंदर | १३ जून, सायंकाळी ६:५०

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा आमच्याकडे दापोली-मंडणगडात काय झालं ते इथल्या बऱ्याच जणांना माहीत आहे. आमच्या वाडीचे खांब आडवे झाले, लाईट यायला तीन आठवडे गेले. तिथे कसला यूपीएस आणि कसला इन्व्हर्टर, बॅटरी भरणार कशावर? आम्ही चौघांनी मिळून पेट्रोलचा छोटा जनरेटर आणला, रोज दोन तास, आधी विहिरीचा पंप, मग मोबाईल, मग इन्व्हर्टर. त्यात एक शिकलो, छोट्या जनरेटरवर यूपीएस नीट चालत नाही, फ्रिक्वेन्सी खालीवर होते आणि यूपीएस ती घेतच नाही. इन्व्हर्टर मात्र साध्या मोडवर टाकला तर चार्ज होतो. आणि जनरेटर ओटीवर किंवा पडवीत लावायचा नाही, लांब अंगणात ठेवा, धुरातल्या गॅसला वास नसतो, झोपेत माणूस जातो.

केतकीबन | १३ जून, रात्री ८:०५

बापरे. तेवढी तयारी नको मला, रोजच्या खेळापुरतं हवंय. पण ‘साध्या मोडवर’ म्हणजे काय? इन्व्हर्टरला मोड असतात?

सड्यावरचा | १३ जून, रात्री १०:४०

असतात, आणि घोळ तिथेच होतो. इन्व्हर्टरच्या मागे एक बटण असतं, एकीकडे यूपीएस लिहिलेलं, दुसरीकडे नॉर्मल, वाईड किंवा इको, कंपनीप्रमाणे. यूपीएस मोडवर तो साधारण १८० ते २६० व्होल्टच आत घेतो, त्याच्या बाहेर गेलं की लगेच बॅटरीवर. नॉर्मल मोडवर अगदी १०० पासून २९० पर्यंत काहीही आत सोडतो, बॅटरी वाचते, पण तुमच्या मशीनला ते सगळं खावं लागतं. बदलायला लागणारा वेळही नॉर्मलवर जास्त.

तो वेळ का महत्त्वाचा तर कॉम्प्युटरच्या एसएमपीएसमध्ये मोठा कपॅसिटर असतो, लाईट गेली तरी त्याच्या जिवावर मशीन सेकंदाचा साठावा भाग, म्हणजे १६ मिलीसेकंदांच्या आसपास तग धरतं. चांगला यूपीएस दहाच्या आत बदलतो म्हणून आपल्याला काही कळत नाही. इन्व्हर्टरला नॉर्मलवर चाळीसेक लागले की फॅनला समजत नाही पण कॉम्प्युटर रीस्टार्ट. मग लोक म्हणतात इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर चालत नाही. चालतो, मागचं बटण बघितलेलं नसतं.

तर माझं मत, दोन्ही ठेवा. साईन वेव्हचा इन्व्हर्टर यूपीएस मोडवर, त्याच्यापुढे तुमचा छोटा यूपीएस, त्याच्यापुढे कॉम्प्युटर. इन्व्हर्टर काम चालू ठेवायला. यूपीएस मधली फट भरायला, आणि इन्व्हर्टर संपला तर फाईल सेव्ह करून शटडाऊन करण्यापुरता. यूपीएसवर काम करत बसायचं नसतं हे लोकांना पटत नाही, पंधरा मिनिटं आहेत म्हणून चौदा मिनिटं ड्रॉइंग काढतात.

पुणेकर_चाकरमानी | १४ जून, सकाळी ७:५५

काका, दोन दोन कशाला? डबल बॅटरी, डबल खर्च. मोठा २ केव्हीएचा यूपीएस घेतला तर?

सड्यावरचा | १४ जून, सकाळी ९:१०

केव्हीए मोठं म्हणजे वेळ जास्त असं नाही हो. व्हीए म्हणजे एका वेळी किती वजन उचलेल, किती वेळ ते बॅटरी ठरवते. ताईंच्या ६०० व्हीएवर ३६० वॅट लिहिलेलं असेल बघा, आणि त्यांचं मशीन मॉनिटरसकट १०० वॅटच्या आसपास खात असेल. एसएमपीएसवर ४५० लिहिलंय म्हणून ४५० खातो असं नसतं, ती त्याची ताकद. म्हणजे वजनाला यूपीएस भरपूर आहे. आत १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी, कागदावर ८४ वॅटतास, पण इतक्या जोरात ओढली की निम्म्याच्या जवळपास हातात येते. नवी असताना पंधरा-वीस मिनिटं. ताईंचीही तेवढीच होती.

इन्व्हर्टरची १५० एएच म्हणजे १८०० वॅटतास. नुकसान धरून आणि पूर्ण न पिळता ११०० धरा. कॉम्प्युटर १००, राऊटर १०, फॅन ७०, दोन एलईडी २०, झाले २००. पाच तास आरामात. हा हिशोब दुकानात कोणी करून देत नाही.

ताई, जुना यूपीएस टाकू नका, बॅटरी तेवढी बदला. सीलबंद असते, दोन-तीन वर्षांत जातेच, आणि उष्ण जागी ठेवली तर लवकर. २५ डिग्रीच्या वर दर दहा डिग्रीला आयुष्य निम्मं होतं असं धरतात. कुठे ठेवलाय?

केतकीबन | १४ जून, सकाळी ९:२५

...खिडकीखाली. पश्चिमेच्या. 🙈

बिनतारी | १४ जून, दुपारी १२:३०

मी गावात इंटरनेटच्या जोडण्या देतो, राऊटरबद्दल सांगतो. फायबरमध्ये रस्त्यात कुठेही करंट लागत नाही, मधले स्प्लिटर नुसत्या काचेचे असतात. पण एक टोक माझ्याकडे आणि एक तुमच्याकडे, दोन्हीकडे लाईट हवी. माझ्याकडे बॅटऱ्या आहेत, पाच-सहा तास काढतो, पुढे मी पण हात वर करतो. टॉवरचं पण तेच, बॅटरी संपली की रेंज गुल.

राऊटरसाठी १२ व्होल्टचा मिनी यूपीएस मिळतो, हाताएवढा डबा, आत लिथियम सेल. राऊटर दहाएक वॅटच खातो, तीन-चार तास निघतात. घेताना अडॅप्टरवर वाचा, १२ व्होल्ट आहे की ९, चुकीचा लावून उडवलेले राऊटर माझ्याकडे ढिगाने येतात. आणि वळवाचा किंवा परतीचा पाऊस गडगडायला लागला की राऊटरमधून कॉम्प्युटरला जाणारी लॅनची वायर काढा. फायबरमधून विजेचा झटका येत नाही पण राऊटरच्या अडॅप्टरमधून येतो आणि लॅनच्या तांब्याने मदरबोर्डात शिरतो. यूपीएसने कॉम्प्युटर वाचवला आणि लॅन पोर्टने मारला असं होतं.

झणझणीत_तिसऱ्या | १४ जून, दुपारी १:०२

आकाशातली पण वीज आणि तारेतली पण वीज. आमच्याकडे नको ती येते आणि हवी ती जाते.

वाशिष्ठीकाठ | १४ जून, रात्री ९:१५

एवढं सगळं वाचलं, सगळं बरोबर आहे, पण कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. चिपळूणला बाजारपेठेत आमचं ऑफिस होतं, तळमजल्यावर. काका म्हणतात तसाच सेट, साईन वेव्ह, ट्युब्युलर बॅटरी, तीन कॉम्प्युटरला तीन यूपीएस, अर्थिंग नवीन. २२ जुलै २०२१ ला पाणी आलं. पहाटे बघता बघता इतकं चढलं की माणसं वर गेली हेच नशीब. यूपीएस जमिनीवरच ठेवतो ना आपण, टेबलाखाली. सगळं चिखलात. त्याच्या आदल्या आठवड्यात मी एक बाहेरची हार्डडिस्क घेतली होती बॅकअपसाठी, ती कुठे होती? त्याच टेबलाच्या खालच्या खणात.

आता माझ्या फायली रात्री आपोआप नेटवर चढतात, आणि एक डिस्क बहिणीकडे सांगलीला असते, दर दिवाळीला न् गणपतीला बदलतो. मशीन परत घेता येतं.

केतकीबन | १४ जून, रात्री ९:४०

वाचून काटा आला. माझी बॅकअपची डिस्क आत्ता सीपीयूच्या डोक्यावर आहे. उद्याच उचलते.

सड्यावरचा | १४ जून, रात्री १०:२०

दादा, हे लिहिलंत ते बरं केलंत.

अर्थिंगचा विषय निघालाच आहे तर, आपल्याकडे जांभा आहे. खाली खडक लागला की खड्डा चार फुटांत थांबवतात, कोळसा-मीठ घालतात आणि मोकळे होतात. पावसाळ्यात चालतं, एप्रिल-मेमध्ये जांभा कोरडा ठणठणीत, अर्थिंग नावाला. आणि वळवाच्या विजा नेमक्या तेव्हाच. वायरमनकडून मीटर लावून मोजून घ्या, आणि उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा खड्ड्यात बादलीभर पाणी ओता. स्पाइकगार्ड झटका जमिनीत सोडणार, पण जमिनीपर्यंत वाटच नसेल तर तो कुठे जाणार?

केतकीबन | ९ जुलै, रात्री ८:५०

मंडळी, हिशोब द्यायला आले.

१) वायरमन आला, खांबावरचा न्यूट्रलचा जॉइंट काळा पडलेला होता, नवीन केला. काकूंचा आणि आमचा, दोघींचा व्होल्टेज आता सारखा.
२) व्होल्टेज प्रोटेक्टर बसवला. पहिल्याच आठवड्यात चार वेळा पडला. सासऱ्यांना वाटलं बिघडलाय, ते दर वेळी जाऊन बोर्डाला थापट्या मारतात आणि मिनिटभराने तो आपोआप चालू होतो, आता त्यांना वाटतं त्यांच्या थापटीने होतो.
३) जुन्या यूपीएसची बॅटरी बदलली, हजाराच्या आत काम झालं. यूपीएस खिडकीखालून काढून भिंतीतल्या फडताळात उंच ठेवला. पूर्ण भरून मुद्दाम प्लग काढून बघितला, १९ मिनिटं. पाचव्या मिनिटाला आपोआप शटडाऊन होईल असं यूएसबीची वायर लावून सेट केलंय, कारण काका म्हणतात ती चौदा मिनिटं काम करणारी बाई मीच.
४) साईन वेव्ह इन्व्हर्टर, १५० एएच ट्युब्युलर, यूपीएस मोडवर.

एक अडचण. इन्व्हर्टरचा हिशोब पाच तासांचा होता पण परवा अडीच तासांतच गेला. बॅटरी नवीन आहे, फसवलं का?

सड्यावरचा | ९ जुलै, रात्री ९:३०

फसवलं नाही, भरलीच नव्हती. रिकामी झालेली १५० एएच पूर्ण भरायला दहा-बारा तास लाईट लागते. तुमच्याकडे दोन तास येते, तीन तास जाते, म्हणजे दर फेरीला थोडी थोडी खालीच उतरत गेली. पावसाळ्यात इन्व्हर्टरचा हा खरा रोग, आणि सोलर लावलं तरी जुलैत ढगांत काय मिळणार. उपाय एकच, खाणं कमी करा. तुमचा ७० वॅटचा फॅन काढून बीएलडीसी लावा, तीसेक वॅटवर चालतो, काम न करताना मॉनिटर बंद. आणि जास्त वेळ अर्धवट भरलेली ठेवू नका, एखाद्या रात्री अखंड लाईट असली तर लोड काढून भरू द्या.

पुणेकर_चाकरमानी | ९ जुलै, रात्री १०:१५

मी अजूनही म्हणतो लॅपटॉप 😀 ३० वॅटमध्ये भागतं.

सड्यावरचा | ९ जुलै, रात्री १०:२२

याबाबतीत तुमचं बरोबर आहे हो. पुढचं मशीन घ्याल तेव्हा ताई, त्यांचं ऐका.

केतकीबन | १० जुलै, सकाळी ७:३०

ऐकीन. शेवटचं एक. बॅटरीत पाणी घालायचं असतं ना तीन-चार महिन्यांनी? सासरे म्हणतात डिस्टिल्ड वॉटर विकत कशाला आणतेस, पागोळीचं पाणी धर, शुद्ध असतं, त्यांच्या काळी ट्रकवाले तेच घालायचे. त्यांनी कळशी लावून पण ठेवलीय.

सड्यावरचा | १० जुलै, सकाळी ८:०५

कौलावरचं शेवाळ, चुलीची काजळी आणि समुद्रावरून आलेलं मीठ, एवढं सगळं धुऊन ते कळशीत पडतं. बॅटरीत डिस्टिल्डच, आणि तरंगणारी काडी वरच्या खुणेला आली की थांबायचं, काठोकाठ नाही, नाहीतर चार्ज होताना ॲसिड बाहेर येतं. टर्मिनलला व्हॅसलीन लावा, खारा वारा तिथेही सोडत नाही. कळशी भरलीच असेल तर अळवाला घाला.

झणझणीत_तिसऱ्या | १० जुलै, सकाळी ८:११

अळवाची पातळ भाजी झाली काय सांगा, येतंय.